दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचायला आणि त्यातला बग शोधायला कसं शिकावं

नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत काय शिकू, असं विचारलं की उत्तरादाखल बहुतेकदा एखाद्या नव्या फ्रेमवर्कचं नाव पुढे येतं. फ्रेमवर्क कामात लागलं की काही आठवड्यांत अंगवळणी पडतं. खरा वेळ लागतो तो आधीपासून चालू असलेला, अनेकांनी लिहिलेला कोड समजून घ्यायला आणि बाकी काही न बिघडवता त्यात नेमका बदल करायला. शिकताना आपण कोऱ्या फाइलपासून सुरुवात करतो, नोकरीत ती संधी क्वचितच मिळते. म्हणून सुरुवातीची मेहनत वाचन आणि बगशोध या दोन गोष्टींवर घाला. दोन्ही सरावाने येतात आणि भाषा किंवा कंपनी बदलली तरी सोबत राहतात.

आधी प्रोजेक्ट आपल्या मशीनवर चालवा

रीडमी फाइलमधल्या (प्रोजेक्ट कसा चालवायचा ते सांगणाऱ्या फाइलमधल्या) पायऱ्या जशा लिहिल्या आहेत तशाच करा आणि अडाल तिथे लगेच नोंद करा. अडायच्या जागा ठरलेल्या असतात: भाषेचं किंवा नोडचं (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामचं) व्हर्जन वेगळं, एखादं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून मिळणारी सेटिंग) सेट नाही, डेटाबेसचं मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणारी स्क्रिप्ट) चालवलेलं नाही, किंवा पोर्ट दुसऱ्या प्रोग्रामने धरलेला. नोडचा प्रोजेक्ट असेल आणि त्यात लॉक फाइल (प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन नोंदवणारी फाइल) असेल, तर पॅकेजेस 'एनपीएम सीआय' ने घ्या. ही कमांड लॉक फाइलमधली व्हर्जन्स जशीच्या तशी बसवते आणि त्या फाइलला हात लावत नाही. 'एनपीएम इन्स्टॉल' मुळे लॉक फाइल बदलू शकते आणि मग तुमच्या पहिल्याच पुल रिक्वेस्टमध्ये (आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्यावा म्हणून टीमकडे पाठवलेल्या विनंतीत) कामाशी संबंध नसलेल्या शेकडो ओळी घुसतात.

एकही ओळ बदलण्याआधी सगळ्या टेस्ट (कोड बरोबर वागतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम) चालवा आणि कोणत्या नापास होतात ते लिहून ठेवा. हे केलं नाही, तर दोन दिवसांनी दिसलेली नापास टेस्ट तुमच्यामुळे पडली की आधीपासूनच पडत होती, हे कळायला मार्ग उरत नाही. रीडमीत जे जुनं झालं होतं ते दुरुस्त करून पाठवा. पहिल्या पुल रिक्वेस्टसाठी यापेक्षा चांगला विषय नाही.

एक रिक्वेस्ट धरा आणि तिच्या मागे जा

फोल्डर उघडून पहिल्या फाइलपासून वाचत सुटू नका, त्यातलं काही लक्षात राहत नाही. त्याऐवजी वापरणाऱ्याची एक छोटी कृती निवडा, उदाहरणार्थ 'पासवर्ड विसरलात?' या लिंकवरचं क्लिक. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडून क्लिक करा आणि कोणत्या पत्त्यावर रिक्वेस्ट गेली ते पाहा. तो पत्ता कोडमध्ये शोधा, जिथे ती रिक्वेस्ट हाताळली जाते तिथे ब्रेकपॉइंट (प्रोग्राम जिथे थांबवायचा ती खूण) लावा आणि पुन्हा क्लिक करा. आता एकेक पाऊल पुढे जात डेटाबेसच्या क्वेरीपर्यंत पोहोचा. वाटेत लागलेल्या फाइल्स कागदावर चौकोन काढून जोडा. सहा-आठ चौकोन पुरतात. अशा तीन-चार कृती झाल्या की प्रोजेक्टची रचना डोक्यात बसू लागते.

स्क्रीनवरचं वाक्य कोडमध्ये शोधूनही सापडत नसेल, तर ते बहुधा भाषांतराच्या फाइलमध्ये असतं. तिथे त्याची की (कोडमध्ये त्या वाक्याऐवजी वापरलेलं नाव) मिळते, मग ती की शोधा. कीसुद्धा सापडत नसेल, तर ती तुकडे जोडून तयार होत असेल. अशा वेळी तिचा निम्मा भाग शोधून पाहा.

वाचलेलं खरंच समजलं का, हे तपासायची एक खात्रीची रीत आहे. एखादी अट मुद्दाम उलटी करा आणि टेस्ट चालवण्याआधी कोणती पडेल ते लिहा. अंदाज चुकला तर समज अपुरी आहे. एकही टेस्ट पडली नाही, तर त्या भागाला टेस्टचं संरक्षण नाही. तिथे बदल करताना आधी टेस्ट लिहावी लागेल हे ध्यानात ठेवा.

विचित्र ओळ दिसली की गिटला विचारा

'ही अट इथे कशाला?' याचं उत्तर कोडमध्ये क्वचित असतं, गिटने जपलेल्या बदलांच्या इतिहासात बहुतेकदा असतं. 'गिट ब्लेम' ओळ शेवटची कोणत्या कमिटमध्ये (एकदम नोंदवलेल्या बदलांच्या संचात) बदलली ते दाखवतं, पण नुसता इंडेंट बदललेल्या कमिटवर ते बऱ्याचदा अडतं. म्हणून त्याला लहान डब्ल्यूचा पर्याय द्या, म्हणजे स्पेसचे बदल वगळले जातात. 'गिट लॉग' ला मोठ्या एसचा पर्याय आणि त्यापुढे एखादं नाव दिलं, की ज्या कमिटमध्ये ते नाव नव्याने आलं किंवा गेलं तेवढ्याच दिसतात. मोठ्या एलचा पर्याय देऊन ओळींचे क्रमांक आणि फाइल सांगितली, तर फक्त तेवढ्या ओळींचा प्रवास पाहता येतो. कमिट सापडली की तिची पुल रिक्वेस्ट उघडा आणि तिथली चर्चा वाचा. निरुपयोगी वाटणारी अट बरेचदा एखाद्या प्रत्यक्ष घडलेल्या घोटाळ्यानंतर घातलेली असते. हे न पाहता ती काढून टाकलीत, तर तो घोटाळा परत येतो.

बग शोधताना

बग हाती आला की लगेच कोड बदलून पाहण्याचा मोह होतो. तो आवरा. आधी तीन वाक्यं लिहा: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. मग तो बग आपल्या मशीनवर हमखास घडवून आणा. घडवता आला नाही, तर दुरुस्त झाला हे कशावरून ठरवणार?

एरर मेसेज पूर्ण वाचा, त्यात अर्धं उत्तर असतं. स्टॅक ट्रेसची (एरर येईपर्यंत कोणतं फंक्शन कुठून बोलावलं गेलं त्या यादीची) दिशा भाषेनुसार बदलते. पायथॉनमध्ये मूळ एरर सगळ्यात खालच्या ओळीत असते. जावामध्ये ती वरून सुरू होते, पण 'कॉज्ड बाय' असे अनेक भाग असतील तर मूळ कारण सहसा त्यातल्या शेवटच्या भागात मिळतं. जावास्क्रिप्टमध्ये वरून वाचा. कोणतीही भाषा असली, तरी लायब्ररीच्या फाइल्स ओलांडून आपल्या प्रोजेक्टमधली, एररच्या सर्वांत जवळची ओळ शोधा आणि तिथून सुरुवात करा.

त्यानंतरचं काम म्हणजे शोधायची जागा निम्मी करत जाणं. एक नमुना पाहू. तक्रार अशी आहे: मार्च २०२४ च्या विक्रीच्या रिपोर्टमध्ये बेरीज कमी येते. टेस्ट डेटाबेसमध्ये ३१ मार्चला दुपारी ३ वाजताची एक ऑर्डर टाकली, रिपोर्टमध्ये ती आली नाही. १५ मार्चची टाकली, ती आली. म्हणजे घोटाळा शेवटच्या दिवसाचा. आता मधोमध तपासू: ब्राउझर कोणती तारीख पाठवतो? नेटवर्क टॅबमध्ये '२०२४-०३-३१' दिसते, बरोबर आहे. इथे स्क्रीनचा सगळा कोड संशयातून सुटला. लॉगमधली क्वेरी उचलून थेट डेटाबेसवर चालवली, तिथेही ऑर्डर नाही. म्हणजे चूक क्वेरीतच, आणि तिच्यात अट आहे 'तारीख <= २०२४-०३-३१'. कॉलममध्ये तारखेसोबत वेळही आहे. नुसती तारीख दिली की डेटाबेस ती रात्री ००:०० ची धरतो, त्यामुळे ३१ तारखेला मध्यरात्रीनंतर झालेली प्रत्येक ऑर्डर गळते.

दुरुस्ती म्हणून २३:५९:५९ लावायचं सुचतं, पण ते लावू नका. कॉलममध्ये सेकंदाचे अंश साठवले जात असतील, तर शेवटच्या सेकंदातल्या नोंदी तरीही सुटतील. अट 'तारीख < २०२४-०४-०१' अशी करा. आता पुढचा प्रश्न विचारा: हे टेस्टमध्ये का पकडलं गेलं नाही? उत्तर बहुधा असं निघेल की टेस्टच्या सगळ्या ऑर्डर ००:०० च्या वेळेच्या होत्या. म्हणून आधी दुपारी ३ ची ऑर्डर घेऊन नापास होणारी टेस्ट लिहा, मग अट बदला आणि टेस्ट पास होताना पाहा. शेवटी तशीच अट इतर रिपोर्टमध्ये शोधा, कारण अशी चूक एकाच ठिकाणी क्वचित असते. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवलेली असेल, तर 'मार्च' कोणाच्या टाइमझोनमधला हेही ठरवावं लागेल. तो निर्णय एकट्याने घेऊ नका, रिपोर्ट वापरणाऱ्यांना विचारा.

काल चालत होतं आणि आज चालत नाही, अशा बगसाठी 'गिट बायसेक्ट' आहे. एक चांगली आणि एक बिघडलेली कमिट सांगायची. गिट मधली कमिट काढून देतं, तुम्ही ती चांगली की वाईट ते सांगता. १,००० कमिटमधून गुन्हेगार साधारण १० फेऱ्यांत हाती लागतो. तपासणीची स्क्रिप्ट असेल तर 'बायसेक्ट रन' हे आपोआप करतं. स्क्रिप्टने ० परत केलं तर कमिट चांगली, १२५ म्हणजे ही कमिट तपासता येत नाही, ती सोडा. १ ते १२७ मधला बाकी कोणताही आकडा म्हणजे वाईट. बिल्डच होत नाही अशा कमिटसाठी १२५ द्यायला विसरलात, तर निकाल भलत्याच कमिटवर जातो.

कधी येतो, कधी येत नाही, असा बग असेल तर टेस्टचा क्रम, सामायिक डेटा, कॅश, टाइमझोन आणि एकाच वेळी चालणाऱ्या दोन प्रक्रिया हे संशयित आधी घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलून बग गेला, तर कशाने गेला ते कळत नाही आणि नको असलेले दोन बदल कोडमध्ये राहून जातात.

बदल पाठवताना

पुल रिक्वेस्ट एका बैठकीत वाचून होईल एवढी लहान ठेवा. नावं बदलणं, फाइल हलवणं ही साफसफाई वेगळी पाठवा आणि वागणूक बदलणारा कोड वेगळा. दोन्ही एकत्र असले की रिव्ह्यू करणाऱ्याला खरा बदल दिसतच नाही. कमिट मेसेजची पहिली ओळ साधारण ५० अक्षरांची, मग एक ओळ रिकामी, मग ७२ अक्षरांच्या आत मोडलेल्या ओळींत बदल का केला ते लिहा. काय बदललं ते डिफमध्ये (जुन्या आणि नव्या ओळींच्या तुलनेत) दिसतंच.

पाठवण्याआधी स्वतःचा डिफ परक्याचा असल्यासारखा वाचा. विसरलेले प्रिंट, कॉमेंट करून ठेवलेला कोड आणि पासवर्ड इथे सापडतात. पासवर्ड किंवा एपीआय की चुकून पुश झाली, तर पुढच्या कमिटमध्ये ती ओळ खोडून भागत नाही, कारण इतिहासात ती राहतेच. ताबडतोब टीमला सांगा आणि की रद्द करून नवी घ्या. हे लपवल्याने नुकसान वाढतं.

अडल्यावर

अर्धा तास प्रामाणिक प्रयत्न करूनही काही नवं हाती लागत नसेल तर विचारा. दिवसभर एकट्याने झगडणं हे चिकाटीचं लक्षण नाही. मात्र 'चालत नाहीये, जरा बघता का?' असं विचारलं, तर समोरच्याला शून्यापासून सुरुवात करावी लागते. असं लिहा:

'ऑर्डर सेव्ह करताना ५०० एरर येतेय. फक्त कूपन लावलेलं असेल तरच, कूपनशिवाय नीट सेव्ह होते. स्टॅक ट्रेस खाली दिलाय, त्यात डिस्काउंट नल आहे. कूपनची मुदत संपलीय का ते तपासलं, संपलेली नाही. डिस्काउंट कुठे भरला जातो ते मला सापडत नाहीये.'

असा मेसेज लिहिता लिहिता उत्तर स्वतःलाच सापडणं हेही वरचेवर घडतं. मिळालेलं उत्तर नोंदवहीत लिहा, म्हणजे तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा लागणार नाही.

दर आठवड्याचा सराव

आठवड्यातून तासभर टीममधल्या अनुभवी डेव्हलपरची मंजूर झालेली पुल रिक्वेस्ट वाचा. आधी फक्त वर्णन वाचून आपण हे कसं केलं असतं ते ठरवा, मग त्यांचा डिफ उघडा. फरक दिसेल तिथे थांबा, आणि कारण कळलं नाही तर विचारा. डीबगरमध्ये अट असलेला ब्रेकपॉइंट लावायला शिका. १०,००० फेऱ्यांच्या लूपमध्ये ज्या एका फेरीत गडबड आहे तिथेच थांबता आलं, की प्रिंट टाकत बसण्याचा वेळ वाचतो. हळू चालणाऱ्या क्वेरीपुढे 'एक्सप्लेन' लावून डेटाबेस इंडेक्स वापरतो की पूर्ण टेबल वाचतो ते पाहा. एक यादी दाखवताना दर ओळीमागे वेगळी क्वेरी जातेय का, हे लॉगमध्ये मोजा. १०० ओळींना १०१ क्वेरी हे फार नेहमीचं दुखणं आहे आणि नवा डेव्हलपर ते पहिल्याच महिन्यात पकडू शकतो.

एआय सहायकाकडून कोड घेत असाल, तर वाचनाचा सराव आणखी गरजेचा आहे. त्याने दिलेल्या प्रत्येक ओळीसाठी ती काढली तर काय बिघडेल हे सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ती ओळ काढून टेस्ट चालवा. टेस्ट तरीही पास झाल्या, तर ती ओळ अनावश्यक आहे की टेस्ट अपुरी आहे याचा छडा लावल्याशिवाय तो कोड कमिट करू नका.