सभासदांची संपर्कयादी एकत्र करण्यापूर्वीची तयारी

वाचनालयाचे किंवा मंडळाचे कार्यवाह बदलले की नव्या कार्यवाहांच्या हाती सभासदांचे पत्ते सहसा तीन वाटांनी येतात: जुन्या ईमेल खात्यातील संपर्कयादी, कार्यालयातील संगणकावरची एक्सेल फाइल आणि कुणाच्या तरी मोबाइलमधून काढलेली व्हीकार्ड (संपर्क साठवण्याच्या प्रकारातली) फाइल. या तिन्ही याद्या गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये आयात करून मर्जचे, म्हणजे सारख्या नोंदी एक करण्याचे, बटण दाबायला फार वेळ लागत नाही, आणि म्हणूनच त्याआधीची तयारी बहुधा राहून जाते. दोन नोंदींतील अक्षरे आणि आकडे जुळतात का, एवढे संगणकाला कळते. त्या नोंदी एकाच माणसाच्या आहेत का, हे मात्र सभासदांना ओळखणाऱ्यानेच ठरवायचे असते. तो निर्णय बटण दाबण्यापूर्वी घेता यावा, यासाठी पुढील तयारी करावी. उदाहरणे गूगल कॉन्टॅक्ट्सची घेतली आहेत. थंडरबर्ड किंवा आउटलुक या ईमेल प्रणाली वापरणाऱ्यांनाही कामाचा क्रम हाच ठेवता येईल.

पहिले काम मूळ प्रती जपण्याचे आहे. प्रत्येक ठिकाणची यादी पूर्ण निर्यात करावी, फाइलच्या नावात ती कुठून आणि कोणत्या तारखेला घेतली ते लिहावे, आणि या मूळ फाइलींना पुन्हा हात न लावता सारी दुरुस्ती त्यांच्या नकलांवर करावी. ज्या खात्यात सर्व काही आणायचे आहे, त्या खात्यातील सध्याच्या यादीचीही प्रत आधी काढावी. ती सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) आणि व्हीकार्ड अशा दोन्ही रूपांत असलेली बरी. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये 30 दिवसांपर्यंतचे बदल मागे घेण्याची सोय आहे हे खरे. पण तिच्यामुळे संपूर्ण यादी निवडलेल्या क्षणाच्या स्थितीला जाते आणि त्यानंतर केलेली योग्य भरही तिच्याबरोबर पुसली जाते. तिला शेवटचा आधार मानावे, पहिला नव्हे. त्या खात्याला जोडलेल्या मोबाइलांवरील संपर्कांचे सिंकही काम संपेपर्यंत बंद ठेवावे, कारण एका ठिकाणी खोडलेली नोंद सिंक झाल्यावर सगळीकडून जाते.

मोबाइलमधून यादी घेताना संपर्क नेमके कुठे साठवले आहेत ते पाहावे. एकाच फोनमध्ये काही नावे सिमकार्डवर, काही फोनच्या स्मृतीत आणि काही गूगल खात्यात असू शकतात, आणि निर्यात करताना यांपैकी एकच जागा निवडली गेली तर उरलेली नावे मागे राहिल्याचे लक्षातही येत नाही. सिमवरच्या जुन्या नोंदींत बहुधा नाव आणि नंबर एवढेच असते व लांब नाव मध्येच तुटलेले असते, म्हणून त्या नावांना विश्वसनीय समजू नये. व्हीकार्ड फाइल साध्या मजकूर संपादकात उघडून तिची आवृत्तीही पाहावी. जुने फोन 2.1 ही आवृत्ती लिहितात, आणि तिच्यात देवनागरी नावाच्या जागी बरोबरीच्या चिन्हांनी जोडलेली अक्षरे-आकड्यांची लांब ओळ दिसते. तो बिघाड नाही. नाव त्या संकेतांत सुरक्षित असते आणि आयात करणारी प्रणाली ते सहसा उलगडते. मात्र ती ओळ पाहून फाइल खराब आहे असे समजणे किंवा ती हाताने दुरुस्त करू लागणे, दोन्ही टाळावे.

सर्वाधिक नुकसान एक्सेलमध्ये होते, म्हणून येथे सावकाश चालावे. सीएसव्ही फाइलवर दोनदा क्लिक करून ती थेट उघडली, तर यूटीएफ-8 या लिपिसंकेत-पद्धतीतील देवनागरी नावांच्या जागी युरोपीय चिन्हांची गिचमिड दिसण्याची शक्यता असते, आणि त्या अवस्थेत फाइल सेव्ह केली तर गिचमिडच कायम होते. त्याऐवजी रिकामी वर्कबुक उघडून डेटा टॅबवरील ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ या मार्गाने फाइल आत घ्यावी, तिची लिपिसंकेत-पद्धती यूटीएफ-8 निवडावी आणि फोन नंबरांचा प्रत्येक रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवावा. असे केले नाही तर एक्सेल नंबराला संख्या समजते: मुंबईच्या 022 मधील, पुण्याच्या 020 मधील किंवा गोव्याच्या 0832 मधील सुरुवातीचे शून्य जाते, +91 मधील अधिकचिन्ह जाते, आणि 91 सह लिहिलेला बारा आकडी नंबर दशांशचिन्ह व घातांक असलेल्या संक्षिप्त रूपात दिसू लागतो. तो नंबर पडद्यावर जसा संक्षिप्त दिसतो तसाच सीएसव्हीमध्ये लिहिला जातो, आणि मग शेवटचे आकडे कोणत्याही उपायाने परत मिळत नाहीत. गूगल शीट्समध्ये फाइल आणतानाही मजकुराचे संख्येत रूपांतर करण्याचा पर्याय काढून टाकावा लागतो.

नंबर शाबूत मिळाल्यावर ते एकाच पद्धतीने लिहावेत. कोणी दहा आकडे लिहिलेले असतात, कोणी पुढे शून्य लावलेले असते. जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना शून्य लावणे आवश्यक झाल्याने तसे नंबरही काही वह्यांतून यादीत आलेले आढळतात. सर्व मोबाइल नंबर +91 आणि दहा आकडे या रूपात आणले की तुलना सोपी होते, शिवाय परदेशी राहणाऱ्या सभासदांचे नंबर वेगळे ओळखू येतात. एका रकान्यात स्वल्पविरामाने जोडलेले दोन नंबर असतील तर ते दोन रकान्यांत न्यावेत.

नावांचे काम मराठी यादीत विशेष कष्टाचे आहे, आणि त्याविषयी इंग्रजीतील मार्गदर्शक फारसे काही सांगत नाहीत. वऱ्हाडपांडे किंवा कऱ्हाडकर अशा नावांतील अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो: ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे असतात. वकील सभासदांच्या नावापुढील ॲड. या संक्षेपाचेही तसेच आहे, कारण ॲ हे अक्षर युनिकोड या संगणकीय अक्षरसंकेतांच्या प्रमाणात 2008 साली आले आणि त्यापूर्वीच्या मजकुरात अ वर चंद्र देऊनच काम चालवलेले असते. म्हणून दोनांपैकी कोणते रूप ठेवायचे ते ठरवून, नको असलेले रूप एक्सेलच्या पेशीतून (सेलमधून) उचलून शोधचौकटीत टाकावे आणि सर्व यादीत त्याच्या जागी ठरवलेले रूप बसवावे. यानंतर नावांचा क्रम पाहावा. संस्थांच्या नोंदवहीत आडनाव, नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव अशी रीत असते, तर ईमेलच्या यादीत पहिले नाव आधी असते. तीन रकाने वेगळे केल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही. श्री., सौ., डॉ. ही संबोधने नावाच्या रकान्यात न ठेवता उपाधीच्या रकान्यात न्यावीत. एकाच सभासदाचे नाव एका यादीत देवनागरीत आणि दुसरीत रोमन लिपीत असेल, तर कोणते रूप ठेवायचे हे आधीच ठरवून सर्वत्र तेच पाळावे. माझ्या मते देवनागरी ठेवावे आणि रोमन रूप टोपणनावाच्या रकान्यात जपावे, म्हणजे दोन्हींनी शोधता येते.

आता दोन नोंदी एक कशा मानायच्या, याचे नियम कागदावर लिहून काढावेत आणि कार्यकारिणीतील आणखी एकाला दाखवावेत. ईमेल पत्ता जुळणे हा चांगला पुरावा आहे, पण पुरेसा नाही: अनेक घरांत पती-पत्नींचा पत्ता एकच असतो, ज्येष्ठ सभासदांनी मुलाचा किंवा सुनेचा पत्ता दिलेला असतो, आणि केवळ पत्त्यावरून मर्ज केले तर दोन सभासदांपैकी एक यादीतून नाहीसा होतो. घरचा लँडलाइन नंबर तर अख्ख्या कुटुंबाचा असतो. त्यावरून कधीही मर्ज करू नये. उलट दिशेनेही सावध राहावे. विवाहानंतर नाव बदललेल्या सभासद महिलेच्या माहेरच्या आणि सासरच्या नावाच्या दोन नोंदी असतात, आणि त्यांच्यात मोबाइल नंबराखेरीज काहीही जुळत नाही. अशा वेळी पूर्वीचे नाव टिपणीत ठेवून त्यांना कोणते नाव हवे आहे ते त्यांनाच विचारावे. जीमेलच्या पत्त्यातील टिंबे अर्थहीन असतात, म्हणजे टिंब असलेला आणि नसलेला पत्ता एकाच पेटीत जातो. तुलनेपुरती ती काढून टाकावीत. पण ही मुभा जीमेलच्या पत्त्यांपुरतीच आहे, इतर ठिकाणी टिंबाने पत्ता बदलू शकतो.

दिवंगत सभासदांच्या नोंदी वेगळ्या काढाव्यात. निमंत्रणपत्र त्यांच्या नावे जाणे घरच्यांना दुखावणारे असते, तरीही नोंद सरसकट खोडू नये, कारण कित्येकदा त्या कुटुंबाशी संपर्काचा एकमेव नंबर तिच्यातच असतो. तो घरातील संबंधित व्यक्तीच्या नावे लिहून मगच जुनी नोंद काढावी.

तारखांबाबत एवढेच: 05/08 म्हणजे 5 ऑगस्ट की 8 मे, हा घोळ टाळण्यासाठी जन्मतारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहाव्यात. आयात-फाइलच्या रकान्यांची शीर्षके मनाने देऊ नयेत. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये सर्व तपशील भरलेली एक नमुना नोंद करून ती निर्यात करावी आणि तिच्यातील शीर्षके जशीच्या तशी वापरावीत. ज्या सभासदांनी पत्ता केवळ एका कार्यक्रमासाठी दिला होता, त्यांना कायमच्या यादीत घेण्याआधी विचारणे हा सौजन्याचा भाग आहेच. शिवाय 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातील वैयक्तिक व घरगुती वापराची सूट संस्थेच्या यादीला लागू होईल असे धरून चालू नये.

प्रत्यक्ष आयातीपूर्वी दहा-बारा नोंदींची चाचणी फाइल करावी आणि तिच्यात मुद्दाम अवघड नोंदी घालाव्यात: अर्धा र असलेले नाव, दोन नंबर, परदेशी पत्ता, लांब टिपणी. त्या नीट आल्या तरच पुढे जावे. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये एका वेळी 3,000 पर्यंत नोंदी आयात करता येतात, पण संख्या कमी असली तरी तिन्ही याद्या एकदम आणू नयेत. सर्वांत विश्वसनीय यादी आधी आणावी, प्रत्येक यादीला तिचे स्वतंत्र लेबल द्यावे, आलेल्या नोंदींची संख्या फाइलीतील ओळींशी ताडून पाहावी आणि मगच दुसरी घ्यावी. मर्ज अँड फिक्स या पानावर सर्व सूचना एकदम स्वीकारण्याची सोय असली तरी ती वापरू नये. प्रत्येक जोडी लिहून ठेवलेल्या नियमांशी पडताळून स्वीकारावी. जिथे शंका राहील तिथे दोन्ही नोंदी तशाच ठेवून त्यांना ‘विचारायचे’ असे लेबल लावावे, आणि त्या लेबलाखालील सभासदांना फोन करण्याचे काम कार्यकारिणीतील कोणाकडे व किती दिवसांत, हे आयातीच्या आधीच ठरवून घ्यावे.