पूररेषा, गट नंबर आणि डीपी: नगररचनेच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

पर्यावरणात एमएस्सी करून किंवा प्लॅनिंगची पदवी घेऊन विकास आराखड्याच्या (डीपीच्या) कामाला लागणार असाल, तर तुमचा अहवाल कुणी वाचणार नाही, हे आधीच गृहीत धरा. वाचला जातो तो झोन दाखला (जमीन आराखड्यात कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (आराखड्याचा त्या जमिनीपुरता तुकडा). बिल्डर, बँक, वकील, शेतकरी सगळे तेच बघतात. महापालिकांचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल दरवर्षी निघतो, नगररचना विभाग डीपी करतो, आणि एकाच इमारतीत राहून दोघांची गाठ पडत नाही. ती गाठ घालून देणं हेच आपलं काम.

एमआरटीपीची (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाची) कलमं तुम्हाला पाठ असतील, त्यामुळे थेट पूररेषेवर येतो. मला सगळ्यात जास्त तिनेच छळलं.

निळी रेषा म्हणजे ढोबळमानाने 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा. नदी ते निळी रेषा निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल नियंत्रित. इथवर सोपं आहे. पण जलसंपदा विभाग ही रेषा आखतो ती नदीचे ठरावीक अंतरावर आडवे छेद घेऊन, प्रत्येक छेदावर पाण्याची पातळी काढून. दोन छेदांच्या मधली रेषा जोडलेली असते. डीपी मात्र गाव नकाशांवर उभा असतो. ते नकाशे जुन्या मोजणीचे, त्यातला काठ त्या काळचा. नदी तेव्हापासून सरकली, कुठे मळी वाढली, कुठे भराव पडला. आता हे दोन्ही नकाशे जीआयएसमध्ये (नकाशांच्या संगणक प्रणालीत) एकावर एक ठेवा. एका गावात रेषा बरोबर बसते, शेजारच्या गावात अख्खा गट ओलांडून जाते, आणि दोन गाव नकाशांच्या शिवेवर तर तुटूनच पडते. स्क्रीनवर ओढून-ताणून जुळवता येते, तसं करायचा मोहही होतो. करू नका. ज्या गटाचा कोपरा तुम्ही माउसने आत-बाहेर केलात, त्याचा मालक सुनावणीला मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे भूमी अभिलेखने दिलेला हद्दीचा नकाशा, घेऊन येतो.

मग शहाणपण म्हणून आराखड्यावर टीप टाकली जाते: ‘पूररेषा जलसंपदा विभागाच्या नकाशानुसार लागू राहील.’ माझ्या पहिल्या वरिष्ठांचं हे आवडतं वाक्य. ऐकायला निर्दोष, पण या टीपेमुळे निर्णय आराखड्यातून निघून परवानगीच्या टेबलावर जातो. तिथला कनिष्ठ अभियंता एका अर्जापुरतं पत्र मागवतो, पत्र येतं, जोतं लाल रेषेच्या वर ठेवण्याची अट घालून नकाशा मंजूर होतो. एकेक इमारत नियमात बसते आणि सगळ्यांचे भराव मिळून पाणी समोरच्या काठावर ढकलतात. 2019 साली सांगली-कोल्हापुरात, जुलै 2024 मध्ये पुण्याच्या एकतानगरीत घरात पाणी शिरलं. अशा पुरामागे धरणांचा विसर्ग, पाऊस, अशी बरीच कारणं असतात. पण नदीची जागा कागदावर कुणाची, हा प्रश्न आपल्या टेबलावरचा आहे.

म्हणून एमआरटीपीच्या कलम 26 खाली आराखडा प्रसिद्ध होण्यापूर्वीच बाधित गटांची यादी करून घ्या. गट नंबर, पूर्ण की अंशतः, जवळच्या छेदाची पातळी, आणि खाली जलसंपदा व नगररचना दोघांच्या सह्या. प्रसिद्धीनंतर तीच रेषा घालायला गेलात तर बदल सारभूत (मोठ्या स्वरूपाचा) ठरतो, पुन्हा नोटीस, पुन्हा हरकती, आणि तोवर राजकीय वजन असलेले लोक जागे झालेले असतात.

पश्चिम घाटातही हेच दुखणं. घाटातला कोणता भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील, हे सांगणारा गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा, कस्तुरीरंगन गटाचा 2013 चा. 2014 पासून केंद्राच्या अधिसूचनेचे मसुद्यामागून मसुदे निघाले, 2024 चा सहावा. मसुद्यातली यादी गावांची, परवानगी मात्र गटावर मागितली जाते. माथेरानची पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना 2003 ची. ती वाचा, केंद्राची अट आराखड्यात कशी उतरवायला सांगतात ते तिथे दिसेल.

गुरू कुणाला करावं? महागड्या सॉफ्टवेअर कोर्सवाल्यांना तर नाहीच. भूमी अभिलेखमधला निवृत्त भूकरमापक गाठा, त्याला चहा पाजा, आणि टिपण (मोजणीच्या वेळचा मापांसह कच्चा नकाशा) कसं वाचायचं ते शिका. प्राध्यापकांबद्दल आदर आहे, पण त्यांच्यातल्या फार थोड्यांनी हरकतींची सुनावणी बघितली असेल.

सुरुवातीला भाषेचीच भीती वाटते: नस्ती (फाइल), शेरा, इतिवृत्त (बैठकीची नोंद), फेरबदल. पाच-सहा नस्त्या चाळल्यात की अंगवळणी पडेल, त्याची काळजी नको. काळजी घ्या ती इतिवृत्ताची. बैठकीत ‘तत्त्वतः मान्य’ म्हटलं गेलं असेल, तर तिथेच विचारा, कोणत्या गटापर्यंत? उत्तर लिहून घ्या आणि इतिवृत्ताचा मसुदा स्वतःच करून पाठवा. दुसऱ्याने केला तर गट नंबर हमखास गळतात.