लांब पल्ल्यात डोक्यात अडकणारे गाणे: निवडावे कसे, वापरावे कसे, घालवावे कसे

दीड-दोन तासांच्या पलीकडे जाणाऱ्या धावण्यात, सायकलिंगमध्ये किंवा पोहण्यात एखाद्या गाण्याची ओळ डोक्यात शिरते आणि काही केल्या जात नाही, हे पुण्यातल्या बहुतेक धावपटूंच्या अंगवळणी पडलेले आहे. रविवारी पहाटे विद्यापीठाच्या आवारात किंवा खडकवासल्याच्या रस्त्यावर लाँग रन संपवून थांबलेल्या कोणालाही विचारावे. कोणते गाणे घोळत होते ते तो लगेच सांगतो, आणि बरेचदा ते त्याच्या आवडीचे नसतेच. गाणे थोपवण्यात शक्ती खर्च करू नये, असे माझे ठाम मत आहे. ते येणारच आहे. कोणते यावे याची तजवीज मात्र आदल्या दिवशी करता येते आणि आलेल्या गाण्याकडून लयीचे काम करून घेता येते.

गाणे अडकण्याची कारणे समजून घेतली, तर उपाय आपोआप सुचतात. मनातल्या मनात बोलण्यासाठी आणि ऐकण्यासाठी स्मृतीत जी जागा असते, ती एकसुरी श्रमात रिकामी राहते आणि ओळखीची चाल तिथे ठाण मांडते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ आयरा हायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, हातातले काम फार सोपे असले तरी गाणी डोक्यात येतात आणि फार अवघड असले तरीही येतात. लांब पल्ल्यात या दोन्ही अवस्था एकाच दिवशी वाट्याला येतात. पहिला टप्पा सोपा असतो आणि शेवटचा अतिशय कठीण. त्यात पावलांचा ठोका अखंड चालू असल्याने त्याच्याशी जुळणाऱ्या चालीला आयताच ठेका मिळतो.

म्हणून गाण्याची निवड आदल्या संध्याकाळी करावी. गाणे असे असावे की त्याचे धृपद आणि सगळे अंतरे आपल्याला पाठ आहेत. अडकतो तो बहुधा गाण्याचा जेवढा भाग येतो तेवढाच. दोनच ओळी येत असतील, तर तीन तास त्या दोनच ओळी फिरत राहतात. चार अंतऱ्यांचे गाणे मनात क्रमाने म्हणता आले, तर एक फेरी पूर्ण व्हायला चार-पाच मिनिटे लागतात आणि कंटाळा येत नाही. शर्यतीच्या आदल्या रात्री मोबाईलवरचे छोटे व्हिडिओ पाहू नयेत, कारण त्यांतले तेच ते पंधरा सेकंदांचे संगीत यासाठी सर्वांत वाईट. आरंभरेषेजवळ ध्वनिवर्धकांवर जे शेवटचे गाणे वाजते, तेही अनेकांच्या मानगुटीवर बसते. त्यामुळे रांगेत उभे राहताना स्वतःचे गाणे एकदा पूर्ण गुणगुणून घ्यावे. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून होत आली आहे आणि ती साधारणतः डिसेंबरमध्ये असते, त्यामुळे तिच्या तयारीतले अंतर वाढवण्याचे आठवडे गणपतीच्या सुमारास येतात. नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू असताना संध्याकाळी तिथून धावत गेले, की तो ठेका दुसऱ्या दिवशीपर्यंत अंगात राहतो आणि पावले नकळत वेगाने पडू लागतात. त्या दिवसांत सावकाश करायचे धावणे सकाळी उरकावे, हे बरे.

आता लयीचा हिशेब. धावताना उजवे पाऊल तीस सेकंदांत किती वेळा पडते ते मोजावे आणि त्याला चारने गुणावे. मिनिटाला पडणारी एकूण पावले, म्हणजेच केडन्स, मिळते. उजवे पाऊल ४२ वेळा पडले, तर केडन्स १६८. मग गाणे लावून मांडीवर ठोके द्यावेत, पंधरा सेकंदांतले ठोके मोजून त्यांनाही चारने गुणावे. मिनिटाला ८४ ठोक्यांच्या आसपासचे गाणे अशा धावपटूला चपखल बसते, कारण प्रत्येक ठोक्याला दोन पावले येतात. डोक्यात वाजणारे गाणे बहुधा मूळ ध्वनिमुद्रणाच्या लयीजवळच वाजते, असे संशोधनातही आढळले आहे. त्यामुळे हा मेळ घरी घातला, तर रस्त्यावर तो बराचसा टिकतो.

ज्यांनी थोडाफार तबला ऐकला आहे, त्यांनी याच्या पुढे जावे. प्रत्येक पावलाला एक मात्रा धरली, तर आठ मात्रांच्या केरव्यात चार पावलांत श्वास घ्यायचा आणि चार पावलांत सोडायचा. ही चाल सावकाश धावण्याला योग्य. सहा मात्रांच्या दादऱ्यात तीन-तीनची जोडी बसते. मला मात्र सर्वांत उपयोगी वाटतो तो झपताल. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना: दोन पावलांत उच्छ्वास, तीन पावलांत श्वास, पुन्हा दोन आणि तीन. केरवा आणि दादरा या सम संख्येच्या तालांत उच्छ्वास दरवेळी एकाच पायावर सुरू होतो. पाच पावलांच्या या मांडणीत तो आलटून पालटून डाव्या आणि उजव्या पायावर येतो. झपतालातली चित्रपटगीते थोडी, पण नाट्यगीते आणि भक्तिगीते सापडतात, आणि त्यांतले एखादे पाठ असेल तर ते वेताळ टेकडीच्या सपाटीवर म्हणून पाहावे. पावले मोजण्याचे काम गाणे करते आणि आपले लक्ष रस्त्यावर मोकळे राहते.

चढावर हे गणित बदलते. सिंहगडाच्या चढावर सपाटीवरची लय धरण्याचा हट्ट केला, तर दम लागतो; तिथे विलंबित चालीचे दुसरे गाणे तयार ठेवावे आणि पायथ्याशीच ते जाणीवपूर्वक सुरू करावे. वारीचे उदाहरण याबाबतीत डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर वारकरी टाळ-मृदंगाच्या साथीने चालतात, दिवे घाटात भजनाच्या ठेक्यावरच पावले पडतात, आणि वयस्क माणसेही दिंडीबरोबर तो घाट चढून जातात. उतारावर मात्र जलद गाण्यापासून सावध राहावे. रात्रीच्या कात्रज-सिंहगड वाटेवर टेकडी उतरताना सुट्या मुरमावर पाऊल कुठे टाकायचे हे डोळ्यांनी ठरवायचे असते, ठेक्याने नव्हे.

गाणे नकोसे झाले, तर ‘हे गाणे आठवायचे नाही’ असे स्वतःला बजावू नये, कारण दाबलेला विचार अधिक जोराने परततो. पहिला उपाय, गाणे पूर्ण करावे: जिथे ते अडखळते त्याच्या पुढची ओळ आठवून शेवटच्या अंतऱ्यापर्यंत जावे आणि सावकाश थांबवावे. तेवढ्याने भागले नाही, तर मनातल्या बोलण्याच्या जागेवर दुसरे काम बसवावे. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत च्युइंगम चघळल्याने गाण्याची आठवण कमी होते असे दिसले, कारण जबडा आणि जीभ गुंतली की मनातले गाणेही विस्कटते. धावताना च्युइंगम घशात जाण्याचा धोका असल्याने मी तो सुचवणार नाही. ओठ हलवून पुटपुटणे तेच काम करते. काय पुटपुटावे, तर मध्यम अवघड असे काहीतरी. बेचा पाढा फार सोपा, तो म्हणता म्हणता गाणे मागे चालूच राहते. ज्यांना लहानपणी पावकी, निमकी, दीडकी (पाव, अर्धा आणि दीड यांचे पाढे) पाठ करावी लागली, त्यांनी दीडकी उलटी म्हणावी: दहा दीडे पंधरा, नऊ दीडे साडेतेरा, आठ दीडे बारा. तिथे लक्ष पूर्ण लागते आणि पाच मिनिटांत चाल विरते.

शेवटच्या टप्प्यात गाणे तुटून दोनच शब्द गरगरू लागले, तर मी आधी शेवटचे खाणे आणि पाणी कधी झाले ते तपासतो. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत, दोनशे किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत असते, आणि एवढ्या वेळात खाण्याची वेळ निसटणे अगदी सहज घडते. राजगिऱ्याची वडी आणि मीठ-साखरेचे पाणी घेतल्यावर पुढची ओळ आठवू लागते, असा माझा अनुभव आहे. पोहणाऱ्यांची अडचण वेगळी आहे: गाणे आणि फेऱ्यांची मोजणी एकाच जागेसाठी भांडतात, त्यामुळे फेरीचा आकडाच गाण्याच्या शब्दांच्या जागी घालून ती ओळ म्हणावी.

पुण्याच्या रस्त्यांवर हेडफोन लावून धावणे किंवा सायकल चालवणे मात्र कटाक्षाने टाळावे. मागून येणारी पीएमपीची बस ऐकू आलीच पाहिजे, आणि अनेक शर्यतींच्या नियमांतही त्यांना मनाई असते.

त्या दिवशी रात्री झोपताना गाणे पुन्हा डोके वर काढते. झोपण्याच्या तोंडावर नवे संगीत ऐकू नये, शब्द नसलेले वाद्यसंगीतही नको, कारण तेही अडकते. सायंकाळीच ते निवडलेले गाणे एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, आणि पुढच्या रविवारसाठी दुसरे निवडून त्याचे अंतरे पाठ करायला घ्यावेत.