करवत लावण्याआधी: सोसायट्या हमखास करतात त्या चुका

सोसायट्यांचे झाडांचे अर्ज भरून देण्यात माझी बारा वर्षं गेली, तरी मे महिना उजाडला की फोन तोच: "काका, छाटणीची परवानगी होती ना, मग नोटीस कशी आली?"

१९७५ च्या झाडांच्या कायद्यात 'तोडणे' म्हणजे फक्त आडवं पाडणं नाही. जाळणं, कापणं, कसलीही इजा करणं त्यातच येतं. मुलुंडच्या एका सोसायटीला जांभळाच्या दोन फांद्यांची परवानगी होती. चेअरमन ठेकेदाराला म्हणाले, "आलाच आहेस तर एकदाच काय ते उरकून टाक." संध्याकाळी मी पोचलो तर कंपाउंडमध्ये माणसाच्या उंचीचा नुसता बुंधा. बी विंगच्या आजींनी वॉर्ड ऑफिसला कधीच कळवलं होतं. सेक्रेटरी पंचनाम्यात सांगत बसले, "झाड जिवंत आहे की!" आधीचा फोटो एकही नाही. तेव्हापासून ज्या फांद्या जायच्या त्यांनाच मी चुन्याची रेघ मारतो, चारही बाजूंनी फोटो काढतो आणि मी येईपर्यंत शिडी लावू देत नाही. ठेकेदार कुरकुरतात. कुरकुरू देत.

परवानगी हातात पडली की त्याच रात्री करवत नको. १५ दिवस थांबायचं असतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरेत मेट्रो कारशेडच्या झाडांवर कोर्टाचा निकाल आला त्याच रात्री झाडं पडायला लागली, सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांवर गेली. मेट्रोवाल्यांकडे वकिलांची फौज होती, तुमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे.

अर्जात झाडाचं वय ठोकून देऊ नका. २०२१ पासून पन्नाशी गाठलेलं झाड हेरिटेज.

खाडीकाठच्यांनो, तिवरं, म्हणजे खारफुटी, ही 'रानटी झुडपं' नव्हेत. उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने त्यांची तोड राज्यभर बंद आहे, भोवतीच्या ५० मीटर पट्टीत बांधकाम बंद आहे, सातबारा तुमच्या नावावर असला तरी. तोडायचं नाही ना, मग डेब्रिज टाकून भरतीचं पाणी अडवू, तिवरं आपोआप वाळतील, असं सुचवणारे हुशार लोक भेटतात. डेब्रिजही त्याच निकालाने बंद आहे. सार्वजनिक कामासाठीसुद्धा उच्च न्यायालयात जावं लागतं. वॉर्डातलं उद्यान खातं ही परवानगी देऊच शकत नाही. दहिसरच्या एका गृहस्थांनी ती 'काढून देणाऱ्या' एजंटाला पैसे दिले होते. मी पावती मागितली, तर त्यांनी व्हिजिटिंग कार्ड काढून दाखवलं.