प्रयोग ओळखायचाय? ‘ने’ शोधू नका, वाक्य हलवून बघा

व्याकरणात प्रयोग म्हणजे क्रियापद कुणाप्रमाणे बदलतं ते: कर्त्याप्रमाणे बदललं तर कर्तरी, कर्माप्रमाणे तर कर्मणी, कुणाप्रमाणेच नाही तर भावे. ‘कर्त्याला ने असेल तर कर्मणी, नसेल तर कर्तरी’ ही युक्ती मुलांच्या तोंडी पक्की बसलेली असते आणि हमखास गुण घालवते. ‘मी चिंच खाल्ली’ यात ‘ने’ नाही, तरी प्रयोग कर्मणीच. मी, तू, आम्ही, तुम्ही यांना तृतीया विभक्तीत ‘ने’ लागत नाही, एवढंच.

आधी कर्ता नक्की करा. धातूला, म्हणजे क्रियापदाच्या मूळ रूपाला, ‘-णारा’ लावून ‘कोण?’ विचारा. ‘मला आंबा आवडतो’: आवडणारा कोण? आंबा. म्हणजे कर्ता आंबा, ‘मला’ नव्हे; प्रयोग कर्तरी.

आता कर्त्याचं लिंग बदला. मुलगा आंबा खातो, मुलगी आंबा खाते. क्रियापद हललं, कर्तरी. भविष्यकाळात मात्र ‘तो लिहील, ती लिहील’ सारखंच राहतं. तिथे वचन बदलून ‘ते लिहितील’ करून पाहा.

कर्ता बदलून क्रियापद जागचं हललं नाही, तर कर्म बदला. मुलीने आंबा खाल्ला, मुलीने चिंच खाल्ली: कर्मणी. शिक्षकांनी मुलाला बोलावले, मुलीला बोलावले, मुलांना बोलावले: क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात ठाण मांडून बसलं, म्हणून भावे. ‘त्याने घरी जावे’ यात तर कर्मच नाही; तोही भावे.

सगळ्यात जास्त फसवतं ते ‘मी पुस्तक वाचले’. पुस्तक स्वतःच नपुंसकलिंगी, त्यामुळे ‘वाचले’ पाहून भावे वाटतो. ‘कादंबरी’ घालून बघा, लगेच ‘वाचली’ होतं. नपुंसकलिंगी कर्मावरून निकाल देऊच नका.

‘आईने मुलीला सदरा दिला’ यात दोन कर्मं आहेत. ‘-ला’ पाहून भावे लिहू नका. क्रियापद सदऱ्याच्या मागे जातं, म्हणून कर्मणी.

काही धातू नियमाला जुमानत नाहीत. ती धडा शिकली, तो सरबत प्याला, मी वही विसरलो: भूतकाळ आहे, कर्म आहे, तरी कर्तरी. हे पाठच करावे लागतात.

‘तू चिंच खाल्लीस’ यात ‘ली’ चिंचेमुळे आणि ‘स’ तुझ्यामुळे, म्हणून कर्तृ-कर्म संकर, म्हणजे कर्तरी आणि कर्मणीची सरमिसळ. बोलताना हा ‘स’ आपण सर्रास गिळतो, आणि मग उरतो तो साधा कर्मणी. तेव्हा प्रश्नातलं वाक्य छापलंय तसंच, अक्षर न् अक्षर वाचा.