दोरी, रुमाल, तांब्या: बारा मिनिटांची जादू कशी बसवायची

माझ्या पहिल्याच जाहीर प्रयोगात चार बोटं लांबीचा दोरीचा तुकडा हातातून निसटून स्टेजवर पडला. गल्लीतल्या मंडळाचा गणपती होता, समोर सतरंजीवर पोरंच पोरं. पुढच्या रांगेतल्या एकानं तो उचलला आणि "काकू, तुमचं पडलं," म्हणून अदबीनं माझ्या हातात दिला. दोरी कापून पुन्हा अखंड करायची जादू होती ती. सगळं गुपित त्या तुकड्यातच होतं.

मी मिरजेत शिवणकाम करते. ब्लाऊज, ड्रेस, शाळेचे गणवेश. जादू हा छंद. पुस्तकं वाचून हातचलाखी बऱ्यापैकी जमवली होती, तरी फजिती झाली. घरी येऊन विचार केला तेव्हा कळलं, चूक बोटांची नव्हतीच. तो तुकडा खिशात जायला हवा होता आणि मी साडीत होते. जादूच्या पुस्तकांतला माणूस कायम कोट घालून उभा असतो. कोटाला पाच खिसे. मी तुकडा कमरेला खोचायला गेले, आणि ऐन खेळात बाई कमरेशी हात का नेते आहे, हे सगळ्यांनी बघितलं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून बसले आहे: हाताला निमित्त हवं. हात खिशात जाणार असेल तर तिथून काहीतरी काढायला जावा. हात पाठीमागे जाणार असेल तर तिथे काहीतरी ठेवलेलं असावं. लोक हाताकडे बघतात ते हात उगाच हलला म्हणून. कामासाठी हललेला हात कुणाच्या ध्यानात राहत नाही.

मग मी स्टेजवर शिंपीणच झाले. गळ्यात टेप, पुढे दोन मोठ्या खिशांचा ॲप्रन, उजव्या खिशात कात्री, डाव्यात रुमाल. आता खिशात हात घालायला मला कारण शोधावं लागत नाही. तुम्हीही स्वतःचा धंदा बघा. किराणा दुकान असेल तर पुड्या आणि सुतळी, कंडक्टर असाल तर बॅग आणि तिकिटं. काळा कोट आणि उंच टोपी भाड्यानं आणू नका, त्यात आपण बँडवाले दिसतो.

दोरी. मऊ सुती दोरी घ्या, करंगळीएवढी जाड, दोन मीटर. नायलॉनची नको, ती ताठ राहते आणि कापल्यावर टोकं पिंजारतात. सुती दोरीच्या पोटात सुतांचा गाभा असेल तर तो एका टोकानं ओढून काढून टाका, दोरी लोळागोळा मऊ होते. टोकांना थोडा फेव्हिकॉल लावून वाळवा.

दोन्ही टोकं डाव्या हातात, अंगठ्याच्या वर चार बोटं दिसतील अशी धरा. दोरीचा मधला भाग खाली झोका होऊन लोंबतो. उजव्या हातानं तो मध्य उचलून डाव्या हाताकडे आणायचा, म्हणजे तसं दाखवायचं. मुठीआड पोचताच मध्य तिथेच अंगठ्याखाली सोडायचा आणि एका टोकाच्या लगत खालची दोरी चिमटीत धरून तिचा फास वर काढायचा. लोकांना वाटतं, हाच मध्य. तो कापायचा. वर चार टोकं दिसतात. बाहेरची दोन सोडली की दोन वेगळ्या दोऱ्या लोंबल्यासारख्या दिसतात. प्रत्यक्षात एक लांब दोरी आहे आणि तिच्या मध्यावर अडकवलेला एक छोटा तुकडा. तुकड्याची दोन टोकं दोरीभोवती बांधून गाठ मारा. मग दोरी डाव्या हाताभोवती गुंडाळताना उजव्या मुठीतून सरकवत न्या, गाठ मुठीत निघून येते. आता खडू काढायला हात खिशात जातो, गाठ तिथे राहते. गुंडाळलेल्या दोरीवर खडूची रेघ मारायची, दोरी उलगडून दाखवायची. आम्ही कापडावर खडूनंच खुणा करतो, त्यामुळे खडू कशाला, असं कुणीच विचारत नाही.

याचा सराव करताना आधी दोरी खरोखर मध्यावर कापा. युक्ती न करता. मोबाईलवर ते चित्रित करा. मग युक्तीनं करा, तेही चित्रित करा, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. खरा मध्य उचलताना माझी नजर दोरीवर होती. खोटा उचलताना ती प्रेक्षकांकडे पळत होती, चोरासारखी. खांदाही आखडत होता. आठवडाभर फक्त तेवढंच दुरुस्त केलं.

आरशासमोरही सराव करा, पण त्याच्यावर विसंबू नका. आरशात आपलंच गुपित आपल्याला दिसू नये म्हणून नेमक्या क्षणी डोळे मिटले जातात. मला हे कळलंच नव्हतं, भाच्यानं व्हिडिओत दाखवलं. प्रत्येक वेळी, अगदी त्याच ठिकाणी, पापण्या खाली.

रुमाल. पुरुषांचा मोठा, गडद छापाचा रुमाल. कडेची पट्टी दीड सेंटीमीटर रुंद शिवा आणि कोपऱ्याशी तोंड उघडं ठेवा. त्यात एक आगकाडी सरकवा, लाकडाची. मेणाची नको, ती मोडत नाही, वाकते. प्रेक्षकातल्या कुणाला तरी दुसऱ्या काडीवर पेनानं खूण करायला लावा. ती रुमालाच्या मध्यावर ठेवून कोपरे आत दुमडा, आणि दुमडताना चोरकाडीचा कोपरा वर आणून त्याच्या बोटांत द्या. तो कापडावरून काडी मोडतो. रुमाल झटकला की खुणेची काडी धडधाकट खाली पडते.

काडी लहान आहे, मागच्या रांगेला काय दिसणार, हे बरोबर. म्हणून मी ती माईकजवळ मोडायला लावते. 'कट्' असा आवाज मंडपभर जातो, आणि दिसण्यापेक्षा तो आवाजच जास्त पटतो. रुमालाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत एकेक काडी घालून ठेवते, एकाच दिवशी दोन प्रयोग असतील तर सोय.

तांब्या. हा मात्र विकत घ्यावा लागतो किंवा तांबटाकडून बनवून घ्यावा लागतो. जगभरचे जादूगार याला 'वॉटर ऑफ इंडिया' म्हणतात. तांब्याला आत दुसरी भिंत असते, दोन्ही कप्पे तळाशी छोट्या भोकानं जोडलेले, आणि बाहेरच्या कप्प्याला गळ्याशी हवेचं एक बारीक छिद्र. छिद्रावर अंगठा ठेवून तांब्या पालथा केला की आतलंच पाणी सांडतं. सरळ ठेवून अंगठा उचलला की राखीव पाणी हळूहळू आत उतरतं. स्ट्रॉवर बोट दाबून सरबत उचलतो, तसंच. दर वेळी पाणी कमी निघतं, म्हणून पहिल्यांदा भरपूर सांडा आणि नंतर थोडं.

ही वेगळी जादू म्हणून करू नका. ती खेळाच्या मधेमधे पेरायची. मी सुरुवातीला बोलून घसा कोरडा झाला म्हणून पेल्यात पाणी ओतते, तांब्या पालथा करून संपल्याचं दाखवते आणि पुढच्या खेळाला लागते. दोरीनंतर पुन्हा तहान, पुन्हा पाणी. काडीनंतर पुन्हा. चौथ्या वेळी मी विसरल्याचं सोंग करते, तर पोरंच ओरडतात, "काकू, पाणी!" विनोदासाठी मी वेगळं काही लिहिलेलं नाही.

एवढंच. तीन वस्तू, बारा मिनिटं. जास्त खेळ घेऊ नका. मला विचाराल तर दहा खेळ येणाऱ्यापेक्षा तीनच पक्के येणाऱ्याला मंडळवाले पुन्हा बोलावतात.

बोलायचं काय, ते लिहून काढा. पूर्ण वाक्यं. "आता मी दोरी कापते" हे वाक्य तर काढूनच टाका, लोकांना दिसतंय ते. मी एक गिऱ्हाइकीण उभी केली आहे: तिला नाडी आखूड हवी, कापून दिली तर म्हणते फार आखूड झाली, पहिल्यासारखी करून द्या आणि जोडाचे पैसे मागू नका. आमच्या धंद्यातल्या बायका इथे सगळ्यात मोठ्यानं हसतात. गुपिताची हालचाल या हशात बसवा. हसताना माणूस क्षणभर सैल होतो.

तालमीचा हिशेब असा. पहिला आठवडा एकेक खेळ, न बोलता. दुसऱ्या आठवड्यात बोलणं जोडायचं. त्या वेळी हात पुन्हा बिघडतील, घाबरू नका. तिसऱ्या आठवड्यात रोज एकदा सलग, ॲप्रन घालून, प्रयोगाच्याच चपला घालून, आणि काहीही चुकलं तरी न थांबता. थांबून पुन्हा सुरू करायची सवय लागली तर स्टेजवरही पाय तिथेच अडतो. मी मुद्दाम भाच्याला मधेच दिवा घालवायला, काडीपेटी लपवायला सांगते.

घड्याळ लावा. १९५६ साली बंगालचे जादूगार पी. सी. सरकार यांनी बीबीसी टीव्हीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात करवतीनं मुलगी कापायची जादू केली. करवत आरपार गेली आणि ती पुन्हा उठून बसायच्या आत कार्यक्रमाची वेळ संपली. मुलगी मेलीच असं वाटून लोकांनी फोनचा भडिमार केला. सरकारांना त्यातून अफाट प्रसिद्धी मिळाली हे खरं. पण आपल्याला मंडळवाला आरतीसाठी माईक काढून घेतो आणि दोरी कापलेलीच राहते, त्यातून काही मिळत नाही. बारा मिनिटं सांगितली असतील तर साडेदहात बसवा.

जागा आधी बघून या. मंडपातलं स्टेज चार फूट उंच आणि पोरं अगदी खाली बसलेली, म्हणजे ती तुमच्या मुठीत खालून बघतात. तालमीत मोबाईल जमिनीवर ठेवून एकदा चित्रित करा. शाळेत गॅलरी असेल तर कपाटावर ठेवून करा. दोन्ही बाजूंना कोणी बसणार असेल तर तिथूनही करा, म्हणजे तुकडा कुठून दिसतो ते कळेल. मंडळाला सांगून कडेच्या चार-पाच सतरंज्या मधे सरकवून घ्या, ते ऐकतात. पाठीमागे हॅलोजन असेल तर रुमालातली काडी सावलीसारखी दिसते. मैदानात वारा असेल तर दुमडलेला रुमाल उलगडतो. त्या दिवशी मी काडीचा खेळ गाळून तांब्याची एक खेप वाढवते.

मदतनीस म्हणून कुणाला बोलवायचं तर ज्याचे मित्र त्याला पुढे ढकलत असतात त्याला नको. तो मित्रांसाठी खेळ मोडतो. शांत बसून टक लावून बघणारी आजी उत्तम. तिला आजी म्हणून हाताला धरून वर आणा, माईक तिच्या तोंडापुढे धरा आणि तिची टिंगल करू नका.

आणि दोरीचे कापलेले तुकडे टाकू नका. एका कापणीत वीतभर दोरी जाते, म्हणजे दोन मीटरच्या दोरीवर पाच-सहा वेळाच सराव होतो, नंतर ती आखूड दिसायला लागते. मी ते तुकडे बिस्किटांच्या डब्यात टाकत गेले. डब्यात चौऱ्याऐंशी तुकडे झाले तेव्हा पुढचा गणपती आला होता, आणि मी त्याच मंडळाच्या अध्यक्षांकडे जाऊन बारा मिनिटं मागितली.