खाकी उतरली, खाक्या राहिला: कंपनीत सुरक्षाप्रमुख होताना या चुका टाळा

त्र्यंबक रोडला पोलीस अकादमी आणि शहराभोवती सातपूर, अंबड, सिन्नरच्या एमआयडीसी. निवृत्तीच्या तोंडावर कंपनीत सुरक्षाप्रमुख व्हायचा विचार नाशिकच्या अधिकाऱ्याच्या मनात आला नाही तरच नवल. अडचण नोकरी मिळाल्यावर सुरू होते. ठाण्यात अधिकार कायद्याने दिलेला असतो. कंपनीत प्लांट हेडपासून शिफ्ट इनचार्जपर्यंत प्रत्येकाला पटवून तो मिळवावा लागतो.

संशयिताला केबिनमध्ये बसवणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कामगाराच्या पिशवीत तांब्याची तार सापडते. साहेब त्याचा मोबाईल काढून घेतात, दार लावतात आणि 'कबूल कर' सुरू होतं. पण आता तुम्ही पीआय नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 40 नुसार खासगी व्यक्ती अटक करू शकते ती फरारी घोषित गुन्हेगाराला, किंवा डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला. त्यालाही सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. नुसत्या संशयावर डांबून ठेवलंत तर गुन्हा तुमच्यावरच दाखल होऊ शकतो.

त्याऐवजी दोन साक्षीदारांसमोर वस्तूचा फोटो काढा, गेट रजिस्टरला वेळेसकट नोंद करा आणि एचआरला बोलवा. महिलेची झडती महिला रक्षकच घेईल. सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी वेगळं काढून ठेवा. काही दिवसांत त्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. कोर्टात ते चालवायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, हे आयटीवाल्यांना आधीच सांगून ठेवा.

चोर शोधणे, भोक न शोधणे

पोलिसाचा हात चोर पकडण्यात बसलेला असतो. कंपनीला चोरी व्हायलाच नको असते. स्क्रॅपची गाडी बघा. रिकामी गाडी काट्यावर चढते तेव्हा केबिनमध्ये क्लीनर आणि मागे पाण्याचे भरलेले ड्रम. गाडी भरेपर्यंत ड्रम रिकामे झालेले, क्लीनर चहाला गेलेला. रिकाम्या गाडीचं वजन फुगलं, तेवढं स्क्रॅप फुकट बाहेर! इथे रात्रभर दबा धरून उपयोग नाही. दोन्ही वजनांना गाडीत कोण आणि काय होतं त्याचा फोटो घ्या, मधूनमधून न सांगता फेरवजन करा आणि काट्यावरचा माणूस बदलता ठेवा.

'साहेब, जरा ठाण्यात फोन करा'

मालकाला तुमच्या ओळखी हव्याच असतात. एकदा हे काम अंगावर घेतलंत की तुम्ही सुरक्षाप्रमुख राहत नाही, मध्यस्थ होता. आणि ओळखीचे अधिकारी बदलून गेले की किंमतही संपते. तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

बायोडेटात फक्त गुन्हे आणि पदकं

पदकं एका ओळीत आटपा. बंदोबस्ताचं नियोजन, हाताखालची माणसं, खर्चाचा हिशेब हे आधी लिहा. सिंहस्थाच्या बंदोबस्तात काम केलं असेल तर तो गर्दी व्यवस्थापनाचा भक्कम अनुभव आहे. लोक तो उगाच शेवटच्या पानावर ढकलतात. एक्सेल येत नसेल तर निवृत्तीआधीच शिका.

रक्षकांची एजन्सी नेमताना केवळ कमी दर बघू नका. खासगी सुरक्षा एजन्सींसाठीच्या 2005 च्या पसारा (PSARA) कायद्याखालचा परवाना तपासा, पीएफ भरल्याच्या पावत्या मागा. आणि रुजू होण्याआधी एक गोष्ट लेखी घ्या: तुम्ही कोणाला रिपोर्ट करणार. स्टोअर्सची चौकशी करणारा माणूस स्टोअर्सच्याच साहेबाच्या हाताखाली असेल, तर ती नोकरी न घेतलेली बरी.